नानांच्या शब्दावर घेतलेलं मशीन

वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस चपला काढून थेट मशीनकडे जातो. नाना जात नसत. ते बाहेरच्या खोलीत बसायचे, हत्यारांची पिशवी मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी कपडे दाखवा." नवीन गिऱ्हाईक गोंधळून जायचं. पेणमधल्या एका शिक्षिकाबाईंनी तर त्यांना इस्त्रीवाला समजून साड्यांचं गाठोडंच हातात दिलं होतं. नानांनी ते शांतपणे सोडलं, एकेका साडीचा काठ बोटांत चोळून पाहिला, वास घेतला आणि सांगितलं, "मशीन बरोबर हाय बाई. तुमच्या बोअरच्या पान्यात खार हाय." मग गाठोडं होतं तसं बांधून परत दिलं. मशीनला हातसुद्धा लावला नाही.

पेणच्या बाजारात त्यांना सगळे घुसळेनाना म्हणत. खरं आडनाव म्हात्रे, पण आमच्या भागात रस्त्यात "ओ म्हात्रे" अशी हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो. मशीन म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं की नाना दोन्ही हात पोटासमोर धरून गोल फिरवत. "काय नाय. घुसलन. ताक घुसलतात ना, तसं कपडे घुसलायचं. बाकी सगला पत्रा." एवढं ऐकून घाबरलेल्या बायकासुद्धा धीटपणे बटण दाबायच्या. त्या गोल फिरणाऱ्या हातांमुळे हे नाव पडलं आणि ते इतकं रुळलं, की टपालवाला म्हात्रे नावाचं पत्र घेऊन आधी दोन वेगळ्या घरी जायचा.

मी रोह्याची. शिक्षण संपवून घरी बसले होते, तेव्हा घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस ऑफिसर म्हणून लागले. फोनला अजून बटणं होती आणि समोरून दार उघडणारं मशीन फक्त जाहिरातीत दिसायचं, तेव्हाची ही गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. पेण आणि रोहा हे दोन तालुके माझ्याकडे होते. पेणला आमच्या कंपनीचा माल ठेवणारं शेठचं दुकान होतं आणि नाना त्या दुकानातून कंपनीचं काम करणारे मेकॅनिक. कागदावर मी त्यांची वरिष्ठ होते. पहिल्या दिवशी मी फाइल छातीशी धरून उभी राहिले आणि नानांनी माझ्या ओढणीचं टोक नजरेनंच तपासलं. "बाय, ही ओढनी हातानं धुतेस ना?"

मी हो म्हटलं. आमच्या घरी मशीनच नव्हतं.

"बरा हाय," नाना शेठकडे बघत म्हणाले, "पोहायला न येनारी होडीवाली आलीय." सगळं दुकान हसलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. पण दोन महिन्यांनी आमच्याकडे मशीन आलं, तेव्हा ते बसवायला नाना रविवारी स्वतः रोह्याला आले. आईला समोर बसवून तिच्या हातून तीन वेळा मशीन चालू-बंद करून घेतलं, आणि मला मात्र पाणी आणायला पाठवलं. तुझ्या आईला धुवायचंय, तुला फक्त अहवाल लिहायचाय, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची एक सवय मला फार आवडायची. मशीनच्या पंपात अडकून तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू निघतात. नाणी, हेअरपिना, बटणं, कानातल्याची फिरकी, एसटीची तिकिटं, एकदा तर अख्खा कवळीचा दात निघाला होता. नाना ती वस्तू कधीही चारचौघांत टेबलावर ठेवत नसत. कागदाच्या पुडीत बांधायची आणि ज्याच्या खिशातली असेल त्याच्याच हातात द्यायची. नवऱ्याच्या खिशातली तंबाखूची पुडी बायकोसमोर कधी निघाली नाही आणि सासूच्या नकळत घेतलेलं सिनेमाचं तिकीट सासूला कधी दिसलं नाही. "पंपाला सगला ठाव असतंय," ते म्हणायचे, "पन तो कुनाला सांगतो काय?" पेणमधली निम्मी घरं त्यांच्यावर विश्वास टाकून होती, त्यात या पुड्यांचा मोठा हात असावा, असं मला वाटतं.

नानांचं गाव धरमतरच्या खाडीकडचं. आईवडील मिठागरावर काम करायचे. मिठानं कडक झालेले कपडे धुताना आईच्या बोटांच्या भेगांत खार जायचा आणि तेवढा वेळ ती कुणाशी बोलायची नाही, हे नानांनी मला एकदा पेण स्टँडवर गाडीची वाट बघताना सांगितलं. पुढे ते रोह्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथल्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी पहिलं वॉशिंग मशीन पाहिलं. कपडे आपोआप फिरतायत आणि साहेबाची बायको वर्तमानपत्र वाचतेय, हे बघून नाना म्हणे उठून बाहेर गेले. "मना आईची लय आठवन आली," एवढंच ते म्हणाले, आणि मग लगेच समोरच्या कंडक्टरची कुठल्यातरी गोष्टीवरून टर उडवायला लागले.

म्हणून ते विक्रेते नसूनही सगळ्यात जास्त मशीनं त्यांच्यामुळे खपत. ओळखीच्या प्रत्येक घरात ते बायकांच्या बाजूनं भांडायचे. "टीव्ही घेतलास, तो तू बघनार. पंखा घेतलास, त्याच्याखाली तू झोपनार. हिच्यासाठी काय घेतलास?" नवरा पैशांची जुळवाजुळव करायला लागायचा. शेठच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की जाहिरातीकडे बघायचंच नाही. नाना काय म्हणतात, एवढंच विचारायचं. आमच्या जुन्या मॉडेलला तर लोक कंपनीच्या नावानं ओळखतच नव्हते. ते नानांचं मशीन होतं. वरून झाकण उघडायचं, दिसायला ओबडधोबड, आणि पुढच्या बाजूला तळाशी पंप साफ करायचं एक छोटं दार. बिघडलं तरी झाकण उघडून कपडे हातानं बाहेर काढता यायचे.

मग कंपनीनं नवीन मॉडेल काढलं. समोर गोल काचेचं दार, पांढरंशुभ्र, एकही ओरखडा नाही की कुठे स्क्रू दिसत नाही. गणपती होऊन गेले होते. पेणजवळच्या जोहे गावात घरोघर गणपती घडवतात, तिथल्या मूर्तिकारांचे हात त्या दिवसांत जरा मोकळे असतात आणि घरात काहीतरी घ्यायचा विचार असतो. सुनंदाताई म्हणून जोह्याला एक बाई होत्या. नवरा-बायको मिळून गणपतीचा कारखाना चालवायचे. त्या दुकानात आल्या, काचेच्या दाराकडे बघत राहिल्या आणि नानांना विचारलं, "घेऊ काय?"

इथे नाना चुकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मशीन न उघडता शब्द दिला. जुनं मॉडेल इतकं चांगलं होतं, की तीच कंपनी वाईट मशीन काढेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. "घ्या वहिनी. माझ्या शब्दावर घ्या," ते म्हणाले. सुनंदाताईंनी घेतलं म्हणून जावेनं घेतलं, जावेनं घेतलं म्हणून शेजारणीनं घेतलं. दिवाळीपर्यंत जोह्याच्या सतरा घरांत ते काचेचं दार चमकायला लागलं.

पौषात पहिली तक्रार आली, ती सुनंदाताईंचीच. मी आणि नाना एसटीनं जोह्याला गेलो. मशीनमध्ये पाणी भरलेलं, दार बंद, आत नवऱ्याचे कपडे पोहतायत. पाणी निघाल्याशिवाय दार उघडायचं नाही, अशी त्याची रचना होती, आणि पाणी काही केल्या निघत नव्हतं. नानांनी सवयीप्रमाणे आधी कपडे मागितले. आतले तर मिळत नव्हते, म्हणून दोरीवरचा कामाचा शर्ट घेतला आणि झटकला. मूर्तींच्या प्लास्टरची पांढरी धूळ उडाली. नाना खाली बसले आणि मशीनचा तळ चाचपायला लागले. पुढे काही नाही. बाजूला काही नाही. शेवटी आम्ही चौघांनी ते मशीन आडवं केलं, तेव्हा पंप सापडला. तो पार खाली, पोटाखाली, आठ स्क्रूंच्या मागे होता. आणि त्याच्या आत प्लास्टरचा दगड झाला होता.

झालं होतं ते असं. आपल्याकडे कुठलीही बाई मळके कपडे थेट धूत नाही, आधी भिजत घालते. जोह्याच्या बायकाही मशीनमध्ये कपडे टाकायच्या, पाणी भरू द्यायच्या आणि भिंतीवरचं बटण बंद करून तासभर भाकऱ्या थापायला जायच्या. त्या तासाभरात कपड्यातलं कोरडं प्लास्टर तळाला बसायचं, पंपात उतरायचं आणि साच्यात जसं घट्ट होतं तसं घट्ट व्हायचं. जुन्या मशीनमध्ये तळाचं दार उघडून तो गाळ दोन मिनिटांत काढता आला असता. नव्यात दिसायला वाईट दिसतं म्हणून ते दारच काढून टाकलं होतं.

"वहिनी, तुमची चूक नाय," नाना म्हणाले. "चूक माझी हाय. मी उघडून बघायला होवा होता."

सुनंदाताई चहा ठेवायला उठल्या, तर नाना नको म्हणाले. त्या दिवसापासून ज्या घरातलं मशीन बंद त्या घरात ते पाणीसुद्धा पीत नसत. आणि बघता बघता ती घरं सतरा झाली. भर चैत्रात हा माणूस जोह्यात दारोदार फिरायचा, मशीनं आडवी करायचा, गणपतीच्या सोंडेखालचं कोरायची पटाशी घेऊन पंपातलं प्लास्टर खरवडायचा आणि तहानेला व्याकूळ होऊन एसटी स्टँडवरच्या नळाला तोंड लावायचा. मी रागावले की म्हणायचे, "माझ्या शब्दावर घेतलंय त्यांनी. कंपनीचा नाव तरी त्यांना ठाव हाय काय?"

नाव आता ठाऊक व्हायला लागलं होतं. जोह्यात त्या मशीनचं बारसं झालं, घरजावई. देखणा, पांढरा, घरात बसून असतो आणि हलत नाही. हे नाव एसटीत बसून पेणला आलं, पेणहून रोह्याला गेलं. आमच्या शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "तुमच्या मुलीच्या कंपनीचा तो घरजावई चालायला लागला का हो?" हसावं की रडावं मला कळेना. आणि मग गंमत अशी झाली, की लोक आमच्या कंपनीचा फ्रीजही घेईनात. फ्रीज उत्तम होता. मिक्सर तर इतका चांगला होता, की माझ्या आईकडे तो आजही आहे. पण दुकानात आलेली बाई कंपनीचं नाव वाचायची आणि मागे सरायची. "ज्यांना साधं पानी बाहेर काढता येत नाय, ते बर्फ काय करनार?" असं एका म्हातारीनं शेठला तोंडावर विचारलं. शेठ बिचारे फ्रीजचं दार उघडून बर्फाचा ट्रे दाखवत राहिले.

मी कंपनीला पत्रावर पत्रं लिहिली. उत्तर यायचं, ग्राहक चुकीचा वापर करत आहेत. शेवटी फारच बोंब झाली तेव्हा मुख्य ऑफिसातून डिझाइनवाले साहेब आले. पुण्याचे, तरुण, सभ्य, करड्या रंगाची कडक इस्त्रीची पँट. ते मशीन त्यांनी स्वतः कागदावर काढलं होतं. मला वाटलं नाना आता त्यांना फैलावर घेतील. नानांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, बोलायचं काय नाय. जोह्याला जेवायला चला."

सुनंदाताईंच्या कारखान्यात काम जोरात चाललं होतं. साहेबांना मधोमध स्टूल दिलं. शेजारी एक बाई प्लास्टरची गोणी घमेल्यात रिकामी करत होती. पाच मिनिटांत साहेबांची करडी पँट पांढरी झाली. सुनंदाताई हळहळल्या. इतक्या मायेनं, की मलासुद्धा ते नाटक आहे हे कळलं नाही.

"अगो बाई, भाऊंची पँट गेली की! द्या इकडं. मशीन हाय आपल्याकडं. तुमचंच हाय."

साहेब नको नको म्हणत होते. पण तुमचंच मशीन म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी आत जाऊन सुनंदाताईंच्या नवऱ्याची हिरव्या चौकड्यांची लुंगी नेसली. पँट मशीनमध्ये गेली, सोबतीला घरातले कामाचे दोन शर्ट गेले. पाणी भरलं. सुनंदाताईंनी बटण बंद केलं.

"हे काय, बंद का केलं?" साहेबांनी विचारलं.

"भिजायला नको?" सुनंदाताईंनी उलट विचारलं. "तुमची आई भिजत नाय घालत काय?"

साहेब लुंगीची गाठ आवळू लागले. त्यांची आईही भिजत घालत असणार. मग जेवण झालं. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, सुका जवळा. साहेब लुंगी सावरत तीन भाकऱ्या जेवले. नानांनी मात्र ताटाला हात लावला नाही. जेवण झाल्यावर बटण चालू केलं. मशीन घरघरलं, कण्हलं आणि गप्प झालं. काचेच्या दारामागे करडी पँट निवांत पडून होती.

चार वाजता रोह्याला दुकानदारांची बैठक होती. साहेबांनी दार ओढून पाहिलं. बटणं दाबून पाहिली. मग गुडघ्यावर बसले. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, मागे डोकावले. कारखान्यातल्या बायका हातातले गणपती तसेच धरून बघत होत्या. अखेर साहेबांनी लाजेनं लाल होऊन विचारलं, "पंप... कुठून उघडायचा?"

"तुमी ठेवलाय तिथून," नाना म्हणाले.

सगळा कारखाना खो खो हसला. साहेबही हसले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी लुंगी खोचली, मशीन आडवं करायला हात लावला, आठ स्क्रू स्वतः काढले, अंगावर पाणी उडवून घेतलं आणि दगड झालेलं प्लास्टर उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "मी हे मशीन ऑफिसात टेबलावर ठेवून काढलं. जमिनीवर बसून कधी पाहिलंच नाही." पँट निघाली ती घालण्यासारखी नव्हती. साहेब हिरव्या लुंगीतच रोह्याच्या बैठकीला गेले आणि सगळ्या दुकानदारांसमोर, मशीन चुकलंय, असं कबूल करून आले. त्या संध्याकाळी नाना इतके खुशीत होते, की स्टँडवर त्यांनी मला दोन वेळा उसाचा रस पाजला.

पण साहेबांचं वर कुणी ऐकलं नाही. बनवलेला माल आधी संपवायचा, असं ठरलं. माझ्याकडे एक छापील पाहणी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, मशीनमध्ये दोष नाही, ग्राहकांनी चुकीचा वापर केला. खाली दोन सह्या हव्या होत्या, एक मेकॅनिकची आणि एक माझी. नानांनी सही केली तर जिल्ह्याचं सगळं सर्व्हिसचं काम त्यांना मिळणार होतं. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या फाइलमध्ये परत ठेवला.

"बाय, यात लिवलंय की सुनंदावहिनीला कपडं धुवायला येत नाय. हे मी लिवून देऊ?"

मी सही केली. हे लिहायला आजही लाज वाटते, पण केली. माझी नोकरी कायम व्हायची होती आणि बाबा निवृत्त झाले होते. एकटीची सही चालेल, असं कंपनीनं कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी नानांना सांगून टाकलं आणि ते ओरडतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले. ते ओरडले नाहीत. "झाला तो झाला," म्हणाले. "पन आता रडू नको, गिऱ्हाईक आलंय." त्यांनी ओरडायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

दसऱ्याच्या दिवशी शेठच्या दुकानाला झेंडूचं तोरण लावलं होतं. घरजावई रांगेनं मांडले होते, वर मोठी सूट. नाना नवा सदरा घालून दारातच उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार करून सांगू लागले, "या, या. दसऱ्याच्या शुभेच्छा. हे मशीन घेऊ नका." शेठ गल्ल्यावरून धावत आले. "नाना, काय करताय हे? दुकान कुणाचं आहे?"

"तुमचाच हाय, शेठ. म्हनून सांगतो. आज विकाल, उद्या गिऱ्हाईक तुमच्या दुकानावरून मान फिरवून जाईल. मी एकदा सांगून बसलोय, मना ठाव हाय कसा वाटतंय."

शेठ दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे राहिले. दिवसभरात एकही घरजावई गेला नाही. आठवड्याभरात नानांचं कंपनीचं ओळखपत्र रद्द झालं आणि ते पत्र द्यायचं काम माझ्याच वाट्याला आलं. नानांनी ओळखपत्रावरचा आपला फोटो बघितला. "बरा झाला. यात मी चोरासारखा दिसतो," म्हणाले. वर्ष संपायच्या आत शेठनंही कंपनीची पाटी उतरवली. रोह्याच्या दुकानदारानं त्याच्याही आधी उतरवली होती. मग माझ्या नोकरीत राम राहिला नाही आणि मीही राजीनामा देऊन मोकळी झाले.

नाना मात्र जोह्याला जातच राहिले. आता ते कुणाचेच मेकॅनिक नव्हते, त्यामुळे त्यांना अडवणारंही कुणी नव्हतं. त्यांनी घरजावयांच्या त्या गुळगुळीत पांढऱ्या अंगाला पुढून तळाशी सरळ गोल भोक पाडलं. आतून पंपाला नळी जोडून बाहेर काढली आणि तिला नळकामाचं साधं प्लास्टिकचं बूच लावलं. "दहा मिंटं भिजवा आनि बूच सोडा. गाल जाईल भाईर. मंग खुशाल फिरवा." एकेक करत सतरा मशीनं चालू झाली. सतरा घरांत त्यांनी चहा प्यायला. सुनंदाताईंकडे तर म्हणे दोन कप, आणि वर जेवले.

आता एवढ्या देखण्या मशीनला पुढून भोक, हे जोह्याच्या बायकांना कसं चालेल? गणपतीचे डोळे आखणाऱ्या बायका त्या. कुणी बुचाभोवती कमळ रंगवलं, कुणी मोराचा पिसारा काढला. सुनंदाताईंनी पुढची पायरी गाठली. त्यांनी काचेच्या दारावरची कंपनीच्या नावाची पट्टी उलथन्यानं खरवडून काढली आणि तिथे सोनेरी रंगात, खाली लाल सावली देऊन, मखरावर लिहितात तसं लिहिलं, "नाना". नानांना कळलं तेव्हा ते जाम चिडले. जिवंत माणसाचं नाव असं कुणी मशीनवर लिहितं का, पुसा म्हणाले. सुनंदाताई म्हणाल्या, "मशीन माझा, रंग माझा. तुमी चा प्या." बघता बघता बाकीच्या सोळा दारांवरही तेच नाव आलं.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. मी त्यांच्या गावाला गेले तेव्हा वाटलं होतं खाडीकडची चार माणसं असतील, तर जोह्याहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. मी त्यांच्यात बसून पोटभर रडले आणि मग कुणीतरी त्या हिरव्या लुंगीची आठवण काढली आणि आम्ही सगळ्याजणी सुतकाच्या घरात तोंडाला पदर लावून हसत सुटलो. नानांच्या पत्नीही हसल्या. "त्यांना आवडला असता," म्हणाल्या.

मागच्या वर्षी मी एका संस्थेसाठी घरोघरची माहिती गोळा करत होते. कुणाकडे कुठल्या कंपनीची कुठली वस्तू आहे, असे रकाने असलेला कागद. फिरत फिरत जोह्याला गेले. सुनंदाताई पेणला दवाखान्यात गेल्या होत्या. घरी त्यांची नवीन सून होती, अलिबागकडची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती मला ओळखत नव्हती. मी रीतीप्रमाणे विचारत गेले. टीव्ही? तिनं कंपनीचं नाव सांगितलं. फ्रीज? सांगितलं. वॉशिंग मशीन?

"नाना कंपनीचं," ती म्हणाली.

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "जुनी कंपनी हाय," तिनं मला समजावून सांगितलं. "आता येत नाय बहुतेक बाजारात. पन लय चांगली. या गावात सगल्यांकडं तीच हाय."

माझ्याकडच्या यादीत त्या नावाची कंपनी नव्हती. खरी कंपनी कुठली, ते साऱ्या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी पेन काढलं, रकान्यात "नाना" असं लिहिलं आणि खाली सही केली.